फॅन्सी गोल्डफिशला टँक केवढा घ्यायचा, अन् सोबतीला कोणाला ठेवायचं

मागच्या दिवाळीच्या आधी काकांचा फोन आला. "अरे, तू मासे पाळतोस ना? आम्हाला आठ सोनेरी अन् एक काळा घ्यायचाय, कुणीतरी सांगितलंय नऊ मासे घरात असले की बरकत राहते. दोन फुटी टँक पुरेल ना?" मी म्हटलं काका, बरकत होईल पण दुकानदाराची, कारण दर पंधरा दिवसांनी तुम्ही नवीन मासा आणायला जाल. काका जरा चिडलेच, पण रविवारी पोहे-जिलबी खायला बोलावलं अन् म्हणाले बस, आता नीट समजावून सांग. तेव्हा तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या काकांना परत सगळं तोंडी सांगायला नको.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. गोल्डफिशची दोन घराणी आहेत असं समजा. एक लांबट अंगाचं अन् एकेरी शेपटीचं, म्हणजे कॉमन, कॉमेट, शुबंकिन. दुसरं गोल पोटाचं अन् दुहेरी शेपटीचं, म्हणजे फँटेल, र्‍युकिन, ऑरांडा, रांचू, लायनहेड, पर्लस्केल, ब्लॅक मूर, बबल आय वगैरे, यांनाच आपण फॅन्सी म्हणतो. मूळ मासा एकच, चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी लोकांनी तळ्यातले लालसर मासे वेगळे काढून पाळायला सुरुवात केली अन् पुढे निवडून निवडून हे सगळे आकार काढले. पण निवडताना काय झालं, की फॅन्सीचा कणा आखूड झाला, पोटातलं सगळं सामान दाबून कोंबल्यासारखं झालं, अन् मागे ती झालर. दिसायला झकास, पण पोहायचं म्हणजे बिचार्‍याला पायघोळ शालू नेसून बस पकडायला पळायचं असतं.

तर फॅन्सी गोल्डफिशच्या दोन गोष्टी डोक्यात ठेवा, घाण खूप करतो अन् पोहता बेताचंच येतं. टँक केवढा हे पहिल्यावरून ठरतं, सोबतीला कोण हे दुसर्‍यावरून. बाकी सगळा तपशील.

घाणीचं सांगतो. गोल्डफिशला आपल्यासारखं पोट म्हणजे जठर नसतंच, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून दिवसभर काही ना काही टिपत राहायचं अन् मागून दोरा सोडत राहायचं हा त्याचा उद्योग. त्याशिवाय कल्ल्यांमधून अमोनिया पाण्यात सोडतो तो वेगळा, तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय अन् मासा तळाशी पंख मिटून बसलाय, हे बघितलंय ना कुणी कुणी? ते हेच. फिल्टरमध्ये बॅक्टेरिया जमले की ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट, अन् नायट्रेट तुम्ही वॉटर चेंज करून काढायचं. ही साखळी बसायला नवीन टँकला चार ते सहा आठवडे लागतात. टँक लहान असला की साखळी बसली तरी दोन दिवसांत पाणी खराब, कारण खराब व्हायला पाणीच नाही तेवढं.

म्हणून माझा हिशोब असा, पहिल्या फॅन्सीला 75 लिटर, अन् पुढच्या प्रत्येकाला 40 लिटर. हे पाळणार्‍यांमध्ये चालत आलेलं माप आहे, गॅलनमध्ये वीस अन् दहा म्हणतात त्याचंच लिटर केलंय, कुणी याहून जास्त सांगेल, पण याहून कमी सांगणार्‍याचं ऐकू नका. या हिशोबाने काकांच्या नऊ माशांना झाले 395 लिटर. म्हणजे साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच असा टँक, पाण्यासकट अर्धा टन वजन. काकूंनी हे ऐकून पोह्यांची प्लेटच खाली ठेवली.

आपल्या टँकचे लिटर कसे काढायचे ते सोपं आहे, इंचात लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, अन् जे येईल त्याला 61 ने भागा. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे 56 लिटर. अडीच फूट, सव्वा, सव्वा म्हणजे 110. तीन फूट, दीड, दीड म्हणजे 191. चार फूट, दीड, दीड म्हणजे 255. पण हे झाले कागदावरचे लिटर. वरून दोन इंच तुम्ही रिकामं सोडणार, खाली वाळू जाणार, काचेची जाडी आत जाणार, त्यामुळे त्यातून 13-15 टक्के सरळ वजा करा. मग तीन फुटीत प्रत्यक्ष 160-165 लिटर उरतात, म्हणजे तीन मासे. चार फुटीत 220 च्या आसपास, म्हणजे चार. अडीच फुटीत जेमतेम 95, म्हणजे खरं तर एकच, अन् हो, मला माहितीये तिथे लोक दोन ठेवतात, मी पण ठेवलेत, पण मग आठवड्यातून दोनदा पाणी बदलायची शिस्त पाहिजे, लग्नाला पुण्याला गेलो आठ दिवस असं चालत नाही. अन् दोन फुटी टँक फॅन्सीसाठी घेऊच नका. बाउलबद्दल तर मी बोलणारच नाही, तो लिंबं ठेवायला बरा.

आमच्या इंदूरला दुकानात हमखास एक डायलॉग ऐकायला मिळतो, "अरे भिया ले जाओ, मछली टँक के हिसाब से ही बढ़ती है।" हे अर्धवट खरं अन् पूर्ण वाईट आहे. लहान टँकमध्ये मासा खुरटतो कारण पाणी खराब असतं, चपलेच्या मापाने पाय वाढतो म्हणण्यासारखंच हे. दुकानात दीड इंची दिसणारा ऑरांडा नीट सांभाळला तर शेपटीसकट सहा-सात इंच होतो अन् दहा-पंधरा वर्षं जगतो. आपल्याकडे तो एक पावसाळा जगला तरी लोक म्हणतात खूप जगला! त्यामुळे टँक आजच्या माशाच्या मापाने नाही, दोन वर्षांनंतरच्या माशाच्या मापाने घ्यायचा.

आता लिटरच्या पुढची गोष्ट, जी कुणी सांगत नाही अन् माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे, टँकचा आकार. समजा दोन टँक आहेत, एक दोन फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट उंच, तो झाला 113 लिटर. दुसरा तो अडीच फूट, सव्वा, सव्वावाला, 110 लिटर. लिटर सारखेच, बरोबर? पण पहिल्याचा वरचा उघडा भाग 2 चौरस फूट अन् दुसर्‍याचा 3 च्या वर. पाण्यात हवा विरघळते ती वरूनच. शिवाय गोल पोटाच्या माशाला दोन फूट वर चढायला लावणं म्हणजे गुडघे दुखणार्‍या आजीला तिसर्‍या माळ्यावर घर देणं. उंच टँक शोकेसमध्ये छान दिसतात म्हणून दुकानात पुढे मांडतात, तुम्ही लांब-रुंद अन् बसका घ्या. 15 ते 18 इंच उंची भरपूर झाली. रांचूला तर पाठीवरचा पंखच नसतो, त्याला 12-15 इंचसुद्धा चालेल.

इथे काच कापणार्‍याकडून टँक बनवून घेणं रेडीमेडपेक्षा बरं पडतं कारण माप आपलं सांगता येतं. तीन फुटी, दीड फूट उंच असेल तर 8 एमएम काच सांगा, 5 किंवा 6 मध्ये भागवू देतो म्हणाला तर हात जोडून निघा. वरच्या कडेला आतून काचेची पट्टी लावून घ्या म्हणजे मधून फुगत नाही. घरी आणल्यावर बाल्कनीत पाणी भरून दोन दिवस तसाच ठेवा, खाली वर्तमानपत्र टाकून, म्हणजे थेंब जरी पाझरला तरी कळतं. स्टँडवर ठेवताना खाली थर्मोकोल शीट, विसरायचं नाही.

आणि वजन! तीन फुटी टँक पाणी, काच, वाळू, स्टँड मिळून अडीचशे किलोच्या घरात जातो, म्हणजे चार धट्टीकट्टी माणसं दिवसरात्र एकाच जागी उभी. फ्लॅटमध्ये भिंतीला लागून, खोलीच्या मधोमध नाही. रामबागेकडे ज्यांची जुनी घरं आहेत, लाकडी माडीची, त्यांनी माडीवर हा प्रकार करूच नये, तळमजल्यावर ओसरीत ठेवा. अन् खिडकीतून थेट ऊन येईल तिथे नको, शेवाळ तर होतंच पण मे महिन्यात मासे उकडतील.

उन्हाळ्याचं इंदूरवाल्यांनी वेगळं बघायला लागतं. फॅन्सीला 18 ते 24 डिग्री मानवतं, 28 पर्यंत काढतो, पण आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42 अन् घरातल्या टँकचं पाणी सहज 31-32 वर जातं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 डिग्रीला लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम असतो तो 30 ला साडेसातवर येतो, अन् नेमकं तेव्हाच माशाला जास्त लागतो. त्यात तेवढाच अमोनिया गरम अन् अल्कलाइन पाण्यात जास्त विषारी होतो, माझ्या नळाचा पीएच किटवर 8 च्या आसपास दाखवतो, म्हणजे पाणी अल्कलाइनच, दोन्हीकडून मार. म्हणून उन्हाळ्यासाठी टँक मोठा पाहिजे, मोठं पाणी हळू तापतं. उपाय साधा आहे, हुड म्हणजे वरचं झाकण काढा, जाळी ठेवा, अन् छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावा. आपला कूलर मे मध्ये का चालतो अन् जुलैत का चालत नाही, तेच गणित, हवा कोरडी असली की पाणी उडून जाताना गारवा सोडतं, दोन-तीन डिग्री आरामात उतरतात. पाणी कमी होतं ते रोज भरत जायचं. बर्फाचे खडे ओतायचे नाहीत, एकदम झटका बसतो.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी कधीच टँकमध्ये टाकू नका. हे मी केलंय, एप्रिलमध्ये, दुपारी चारला, हात घालून बघायचा आळस. मासे वाचले पण दोन दिवस वरती तोंड काढून होते अन् मला घरच्यांनी जे ऐकवलं ते वेगळंच.

पाण्याबद्दल आपण तसे नशीबवान आहोत. नर्मदेचं पाणी, नदीकाठच्या जलूदहून पंप करून वर चढवून आणलेलं, गोल्डफिशला मानवतं, त्याला जरा हार्ड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणीच आवडतं. बोअरचं पाणी माळव्याच्या काळ्या दगडातलं, अजून हार्ड, तेही चालतं, फक्त आज बोअर उद्या नळ असं करू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते ड्रममध्ये भरून एअर स्टोन (पंपाने बुडबुडे सोडणारा दगड) लावून एक दिवस ठेवलं की बरंचसं उडतं, घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब. नळ एक दिवसाआड येतो याची सगळे कटकट करतात पण माशांसाठी ते टाइमटेबलच आहे बघा, आज ड्रम भरला, उद्या वॉटर चेंज. तीन फुटी टँकचं आठवड्याला 30 टक्के म्हणजे 50 लिटर, साध्या तीन बादल्या. काढलेलं पाणी मोगर्‍याला अन् तुळशीला घाला, मोगरा काय बहरतो म्हणून सांगू.

फिल्टरचं थोडक्यात. टँकच्या लिटरच्या सहा-आठपट ताशी फिरवणारा घ्या, डब्यावर लिहिलेला आकडा कचरा अडकल्यावर तेवढा राहत नाही म्हणून थोडा वरचाच घ्या. पण धार अंगावर सोडू नका, काचेकडे वळवा, नाहीतर मासे दिवसभर वार्‍यातल्या पतंगासारखे गोते खात फिरतात. सोबत एक स्पंज फिल्टर ठेवा. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नाहीतर क्लोरीनने सगळे बॅक्टेरिया जातात अन् परत पहिल्यापासून. लाइट जाते त्यासाठी बॅटरीवाला छोटा एअर पंप. खाली एकतर बारीक वाळू किंवा तोंडात न मावणारे मोठे गोटे, मधल्या साइजची रंगीत खडी नको, ती घशात अडकते.

झालं, आता सोबत्यांकडे येऊ, म्हणजे माझ्या आवडीच्या विषयाकडे, कारण इथे मी स्वतः सगळ्यात जास्त मार खाल्लाय.

माझ्या पहिल्या अडीच फुटीत (हो, तोच) दोन ऑरांडा, एक काळी मूर अन् एक कॉमेट होता. चार! तेव्हा कुठे अक्कल होती. कॉमेट एवढा चपळ अन् चकचकीत होता की पाहुणे आले की आधी त्याच्याकडेच बोट दाखवायचे. मूर मात्र कोपर्‍यात, मला वाटायचं आळशी आहे. एक दिवस सुट्टी होती म्हणून खुर्ची टाकून टँकसमोर बसलो अन् दाणे टाकून नुसतं बघत राहिलो. दहा दाणे टाकले. पहिला दाणा पाण्याला लागायच्या आत कॉमेट वर आला, सहा-सात त्यानेच ओढले, उरलेले ऑरांडांनी. मूर वास लागला तशी हलत डुलत वर आली, त्या मोठ्या बाहेर आलेल्या डोळ्यांना समोरचं धड दिसत नाही, अन् जिथे दाणा होता बरोबर तिथे येऊन तिने तोंड उघडलं. दाणा कधीच गेलेला. तिने तिथला एक बुडबुडा घेतला, सोडला, अन् परत खाली गेली. महिनाभर हेच चालू होतं अन् मी रोज दाणे टाकून समोरून निघून जात होतो. वरून बघितलं तेव्हा कळलं की डोक्यामागे खळगा पडलाय तिच्या.

तेव्हापासून माझा नियम, सोबती बघताना रंग बघायचा नाही, वेग अन् नजर बघायची. फॅन्सीमध्येच मी तीन गट करतो. पहिला फँटेल अन् र्‍युकिन, हे धडधाकट, बर्‍यापैकी पोहतात. दुसरा ऑरांडा, रांचू, लायनहेड, पर्लस्केल, हे मधले, ऑरांडाचा डोक्यावरचा मांसल टोप वाढून डोळ्यांवर आला की तोही तिसर्‍यात जातो. तिसरा ब्लॅक मूर आणि बाकीचे टेलिस्कोप, सेलेस्टियल, बबल आय, ज्यांना दिसतंच कमी. आपल्या गटातले आपल्या गटात ठेवा. शेजारचा गट चालून जाईल, पहिला अन् तिसरा एकत्र नको. बबल आयला तर मी म्हणेन फक्त बबल आय किंवा सेलेस्टियल, त्या डोळ्यांखालच्या पाण्याच्या पिशव्या कुणी ओढल्या किंवा प्लास्टिकच्या झाडाला घासल्या तर फुटतात, त्या टँकमध्ये टोकदार काहीच नको.

यावरून काकांच्या आठ सोनेरी एक काळ्याचं काय होणार ते कळलंच असेल. बाजारात "काळा" म्हणून मिळतो तो मूरच. म्हणजे आठ डोळस लोकांच्या पंगतीत एक आंधळा, अन् वाढपी एकदाच फिरणार.

साइजपण सारखी पाहिजे. पाच इंची ऑरांडासोबत दीड इंची बाळ ठेवलं तर ते खाल्लं जाणार नाही कदाचित, पण उपाशी नक्की राहील. अन् एक नर-मादीचं, थंडी संपून पाणी तापायला लागलं की नरांच्या कल्ल्यांवर पांढरे बारीक ठिपके येतात, रव्यासारखे, लोक त्याला रोग समजून औषध टाकतात. तो रोग नाही, ती लग्नसराई आहे. नर मादीच्या मागे लागतात, ढुश्या देतात, अन् तीन नर एक मादी असं असेल तर ती बिचारी दमून मरू शकते. तेव्हा तिला चार दिवस वेगळ्या टबमध्ये काढा.

आता बाहेरच्या जाती. कॉमेट-शुबंकिन नको, सांगितलंच. कोई कार्प नको, तो दोन फूट होतो. "शार्क" म्हणून जे चंदेरी पिल्लू विकतात ते पंगासचं असतं, त्याचीच मोठी भावंडं हॉटेलात बासा म्हणून ताटात येतात, मीटरभर वाढतं ते, त्याला टँकमध्ये आणायचं कारण मला आजवर कळलेलं नाही. टायगर बार्ब शेपट्या कुरतडतो, फॅन्सीची झालर म्हणजे त्याला सेवची प्लेट. एंजल, गप्पी, मॉली, टेट्रा, हे गरम पाण्याचे, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्या खाली जातो तेव्हा यांना हीटर पाहिजे अन् गोल्डफिशला नको, एकाच घरात एकाला रजई अन् एकाला पंखा कसा जमणार. शिवाय निऑन टेट्रा तोंडात मावतो, अन् गोल्डफिशचा साधा कायदा आहे की मावतं ते खायचं. कोळंब्यांचंही तेच. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर हे विचारूच नका.

सकर माशाबद्दल मात्र थांबून सांगतो कारण दर दुसर्‍या घरात तो असतो, "काच साफ करतो" म्हणून गळ्यात मारलेला. मलाही मारला होता. दोन-तीन महिने काच चाटली त्याने इमानदारीत. मग मोठ्या ऑरांडाच्या कुशीवर पांढुरके गोल डाग दिसायला लागले, मी मीठ टाकलं, औषध टाकलं, डाग जाईनात, दुकानदार म्हणतो फंगस आहे, ही बाटली घेऊन जा. एका रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो, मोबाइलचा टॉर्च टँकवर मारला तर सकर ऑरांडाच्या अंगाला पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटलेला अन् ऑरांडा झोपेत तसाच हळूहळू हलतोय. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो चाखायची सवय लागते याला, गोल्डफिश हळू असतो म्हणून सोपा सापडतो. वरून हा सकर फूट-दीड फूट वाढतो अन् स्वतः घाण काढतो ती गोल्डफिशलाही लाजवेल अशी. चायनीज अल्गी ईटरचंही हेच. काच साफ करायला एक मॅग्नेट स्क्रबर घ्या, तो रात्री कुणाला चिकटत नाही.

मग चालतं काय? मोठी मिस्ट्री स्नेल, म्हणजे पाण्यातली गोगलगाय चालते, आपल्या हार्ड पाण्यात तिचं कवच मस्त राहतं, गोल्डफिश तिच्या मिशा ओढून बघतात थोड्या, पण ती आत शिरते. झाकण लावा, नाहीतर ती सोफ्याखाली सापडते. झेब्रा डॅनिओ आपल्याच देशातला, थंड पाणी चालतं त्याला, तीन फुटीच्या वर अन् पहिल्या गटासोबत सहा-आठचा घोळका ठेवून बघू शकता, पण तोही खाण्यात वेगवान, म्हणून मूरवाल्या टँकमध्ये नको, अन् मासे मोठे झाले की एखादा कमी झालेला दिसेल, तयारी ठेवा. वेदर लोच हा लांबट मासा मिळाला तर थंड पाण्याचा अन् स्वभावाने गरीब आहे, वाळू मऊ पाहिजे अन् झाकण पक्कं, पण आजारपणात मीठ टाकायची वेळ आली की लोचला ते सोसत नाही, ही अडचण राहतेच. कोरी हा तळाशी फिरणारा मासा लहान असतो, तोंडात अडकला तर पंखांच्या काट्यांमुळे दोघंही जातात, मी टाळतो. मला विचाराल तर फॅन्सी गोल्डफिशला सगळ्यात बरा सोबती म्हणजे दुसरा फॅन्सी गोल्डफिशच. एकटा ठेवू नका, घोळक्यात राहणारा जीव आहे, दोन असले की एकमेकांच्या मागे मागे फिरतात, अगदी इंदूरच्या सराफ्यात रात्री खात फिरणार्‍या जोडप्यांसारखे.

नवीन मासा आणला की सरळ टँकमध्ये सोडायचा नाही. एक 40-50 लिटरचा प्लास्टिक टब, स्पंज फिल्टर, अन् तीन आठवडे तिथेच. लिटरला 1 ते 2 ग्रॅम खडेमीठ चालतं सुरुवातीला. दुकानात एकाच पाण्यात शेकडो मासे असतात, काय घेऊन येईल सांगता येत नाही, अन् तुमचे जुने चार गेले की मग हळहळून उपयोग नाही. टबमधून मोठ्या टँकमध्ये सोडताना लाइट बंद ठेवा, अन् पुढचे चार दिवस दाणे टाकून निघून जाऊ नका, पाच मिनिटं बसा अन् मोजा, कुणी किती खाल्ले. तरंगणारे दाणे नकोत, बुडणारे घ्या, दहा मिनिटं आधी पाण्यात भिजवून. दोन जागी टाका, हुशारांसाठी एका टोकाला अन् हळू माशासाठी दुसर्‍या.

ज्यांच्याकडे आधीच खिचडी झालीये त्यांनी काय करायचं? पहिल्यांदा जो वेगवान किंवा जो मोठा होणारा आहे तो बाहेर काढा. दुकानदार बरेचदा परत घेतात, पैसे देत नाहीत पण घेतात. तलावात नेऊन सोडायचा नाही, हे पुण्यकर्म वाटतं लोकांना पण नाहीये. इंदूरचे सिरपूर अन् यशवंत सागर हे दोन्ही तलाव 2022 मध्ये रामसार यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेत, तिथे आपला सकर किंवा गोल्डफिश सोडला तर तिथल्या माशांची अंडी तो खाणार, अन् देशात कितीतरी पाण्यांत सकरने धुमाकूळ घातलाच आहे.

माझा कॉमेट महूकडे आमच्या एका नातेवाइकांच्या शेतात गेला, तिथे सिमेंटचा मोठा हौद आहे, वरून आंब्याची सावली. आता तो वीतभर झालाय अन् हौदाच्या एका टोकावरून दुसर्‍या टोकाला असा सुसाट जातो की अडीच फुटीत त्याला मी काय दिवस काढायला लावले ते बघून लाज वाटते. मूर घरीच आहे, दोन टेलिस्कोपसोबत, तीन फुटीत. तिच्यासाठी दाणे रोज एकाच कोपर्‍यात टाकतो, आधी काचेवर नखाने हळूच दोन टिचक्या, अन् ती येते, अजूनही डुलतच. काकांनी शेवटी तीन फुटी घेतला, तीन ऑरांडा, त्यात एकाचा टोप काळपट आहे, तोच आपला काळा असं म्हणतात ते.